गेटवे ते मांडवा, दोघांनी, छोट्या मोटरबोटीने: दुपारच्या वाऱ्याचा हिशोब

अठरा-वीस फुटी बोट, मागे बाहेर टांगलेलं 60 अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन आणि बोटीत दोघंच. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत जेमतेम 14 किलोमीटर, म्हणजे साडेसात सागरी मैल. सकाळी समुद्र शांत असतो, जमिनीवरून मंद मतलई वारा असतो, वीस नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पंचवीस मिनिटांत धक्का दिसतो. नवखे फसतात ते इथेच. नोव्हेंबर ते मे या काळात दुपारी खारा वारा वायव्येकडून जोर धरतो. मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे आहे. त्यामुळे जाताना तोच वारा पाठीशी असता तरी त्रास नसता. परतताना मात्र लाटा थेट नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर येतात. वेग सात-आठ नॉटवर येतो आणि त्याच अंतराला तास लागतो. म्हणून परतीची वेळ आधी ठरवा, जेवण नंतर. बाराच्या आत मांडवा सोडलेलं बरं.

वारा 11 ते 16 नॉट झाला की पांढरे तुरे बऱ्याच ठिकाणी दिसू लागतात. छोट्या बोटीसाठी हीच मर्यादा समजा. 17 च्या वर अंदाज असेल तर त्या दिवशी निघू नका.

पेट्रोलचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक हात न लावायला. इंजिन पूर्ण जोरात तासाला वीस लिटर सहज पितं, आणि लाटांत बोट धड तरंगत नाही, धड उडत नाही, तेव्हा मैलामागे खर्च सर्वांत जास्त. त्यातच हेलकाव्यांनी टाकीच्या तळाचा गाळ नि पाणी ढवळून फिल्टरमध्ये जातं. वाऱ्याच्या दिवशी इंजिन बंद पडण्यामागे बरेचदा हेच असतं. निघण्यापूर्वी फिल्टरची वाटी उघडून पाहा. पेट्रोलखाली पाण्याचा थर वेगळा दिसतो, तो ओतून टाका. मग नळीवरचा रबरी बल्ब कडक होईपर्यंत दाबा. कडक होतच नसेल तर नळीत कुठेतरी हवा शिरतेय.

समोरच्या लाटेत इंजिनाचा ट्रिम, म्हणजे त्याचा कल, बोटीकडे आत घ्या, म्हणजे नाळ खाली राहते आणि लाट कापते. लाट अगदी सरळ न घेता थोडी तिरकी घ्या, चढताना थ्रॉटल द्या, माथ्यावर कमी करा. नाहीतर बोट हवेतून आपटते, पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन किंचाळतं. लाट पाठीमागून असेल तर ट्रिम थोडा बाहेर, आणि पुढच्या लाटेच्या पाठीवर राहा. तिला ओलांडून खाली घसरलात की नाळ पाण्यात घुसते आणि बोट आडवी फिरते.

मांडव्याहून धरमतर खाडीच्या तोंडाशी असलेल्या रेवसकडे वळायचं असेल तर ओहोटी बघा. धरमतरची खाडी वायव्येला उघडते. ओहोटीचं पाणी बाहेर येतं, वारा आत ढकलतो, आणि तोंडाशी आखूड, उभ्या लाटा तयार होतात. उधाणाच्या दिवसांत तर नकोच. रेवसला ओहोटीत चिखलही लागतो.

दोघांपैकी एकाने चालवायचं, दुसऱ्याने पुढे बघायचं: डोल जाळ्यांचे खांब, तरंगते बोये, आणि आडवी येणारी कंटेनर जहाजं. त्यांना वाट द्या. ती तुमच्यासाठी थांबू शकत नाहीत. जाळं पंख्यात अडकलं तर इंजिन बंद, चावी काढून खिशात, मगच वर उचलून सुरीने कापा.

लाइफ जॅकेट धक्क्यावरच चढवा. किल-कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली हवी. आणि दुसऱ्यालाही बोट सुरू करणं, व्हीएचएफ रेडिओवर चॅनल 16 ला, म्हणजे मदत मागायच्या चॅनलवर बोलणं जमायला हवं, कारण पाण्यात पडला तो बहुधा चालवणाराच असला तर? शांत दिवशी रिकामा कॅन फेकून सराव करा: वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून हळू जवळ जा, कॅन बाजूला आला की इंजिन बंद.

इंजिन मेलं तर दुरुस्तीआधी नांगर टाका, कारण वायव्य वारा तुम्हाला किनाऱ्याकडेच नेतो. साखळी तीन-चार मीटर आणि दोरी खोलीच्या किमान पाच पट, वाऱ्यात सात पट. खोली भरतीची धरा. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554.