किआंतीच्या पांढऱ्या रस्त्यांवर जाण्याआधी

किआंतीच्या द्राक्षमळ्यांतले पांढरे रस्ते म्हणजे खडीचे कच्चे रस्ते. तिथे सायकलने जायचं असेल तर सर्वांत आधी नकाशावरचे किलोमीटर बाजूला ठेवा आणि चढाईचा आकडा बघा. इटलीतल्या फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या किआंतीच्या टेकड्यांत सपाट रस्ता जवळजवळ नाहीच. गायोले इन किआंतीहून निघून सिएना, मोंताल्चीनो, आशानो करत परत गायोलेला येणारा, वर्षभर पाट्या लावलेला सायकलमार्ग २०९ किलोमीटरचा आहे आणि त्यात साडेतीन हजार मीटरहून जास्त चढाई आहे. दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, केलेल्याला वाटतं, एका दिवसाचं काम. तसं करू नका. चार दिवस द्या, रोज पन्नास-साठ किलोमीटर पुरे. द्राक्षमळ्यांतून जाणारा रस्ता घड्याळाकडे बघत संपवायचा असेल तर एवढ्या लांब जायचंच कशाला?

पायांची तयारी तीन महिने आधी सुरू करा. इथला एकेक चढ सिंहगडाएवढा लांब नसतो. एक-दोन किलोमीटरचा असतो, पण दहा-बारा टक्क्यांचा, मध्येच पंधराचा, आणि उतरलात की लगेच पुढचा समोर उभा. म्हणून सिंहगड एकदा चढून घरी येण्यापेक्षा पुण्याजवळचा बोपदेव घाट लागोपाठ तीनदा चढलेला जास्त उपयोगी पडतो. त्यातही बसून चढायची सवय लावा. सुट्या खडीवर पेडलवर उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन जातं, चाक जागच्या जागी फिरतं आणि पाय टेकावा लागतो. ही सवय डांबरावर लागत नाही, मुरमाच्या रस्त्यावरच लागते. सप्टेंबरात जायचं तर सराव ऐन पावसाळ्यात येतो, तोही टाळू नका. चिखलात सायकल सांभाळणं तिथेही लागणार आहे.

जायची वेळ एप्रिलअखेर ते मे, नाहीतर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये पांढऱ्या रस्त्यावरचं ऊन खालूनही भाजतं, आणि सिएनाच्या दक्षिणेला सावलीला झाड शोधावं लागतं. नाशिकच्या द्राक्षहंगामाची सवय असलेल्यांनी फेब्रुवारी मनात आणू नये. त्या महिन्यात इथल्या वेली उघड्या आणि छाटलेल्या असतात. सांजोव्हेझे, म्हणजे किआंतीचं मुख्य द्राक्ष, साधारण सप्टेंबरच्या मध्यानंतर तोडणीला येतं.

ऑक्टोबरचा पहिला रविवार मात्र विचार करून निवडा. त्या दिवशी गायोलेत लेरोइका ही जुन्या सायकलींची फेरी असते. जानकार्लो ब्रोची यांनी १९९७ मध्ये ९२ सायकलस्वारांना घेऊन ती सुरू केली, तेव्हा हे कच्चे रस्ते एकामागून एक डांबराखाली जात होते. आपण ज्या खडीवरून जाणार आहोत ती आज शिल्लक आहे याचं मोठं श्रेय त्या खटाटोपाला आहे. पण त्यात १९८७ आधीच्या बनावटीच्या जुन्या रेसिंग सायकलीच चालतात, गिअरचे खटके फ्रेमच्या नळीवर असलेल्या. ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीची आजची सायकल, घेऊन त्यात भाग घेता येत नाही, आणि त्या आठवड्यात छोट्याशा गावात खोली मिळणं कठीण. बघायला जायचं असेल तर मुक्काम काही महिने आधी ठरवा.

आता सायकल. स्वतःची न्यायची की भाड्याने घ्यायची? आठवड्याची सहल असेल तर माझं मत भाड्याच्या बाजूने आहे. फक्त आपली सीट आणि पेडल्स बरोबर न्या. स्वतःची नेणार असाल तर आधी गिअर बघा. पुढचं चक्र चाळीस दात्यांचं असेल तर मागे बेचाळीस दात्यांपर्यंत जाणारी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, हवी. यात कंजूषी केली की प्रत्येक चढावर गुडघे किंमत मोजतात. टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपासचे, ट्यूबलेस, बाजूच्या भिंती मजबूत. हवा घरच्यापेक्षा कमी ठेवा: साधारण सत्तर किलोच्या माणसाला पस्तीस पीएसआयपासून सुरुवात करून पहिल्या दिवशी दोन-दोनने कमी-जास्त करून बघता येतं. जास्त हवेचं टायर उतारावरच्या आडव्या वळ्यांवर उड्या मारतं आणि ब्रेक धरत नाही. ब्रेकचे पॅड नवे घाला, वर एक जोडी पिशवीत. डेरेलरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, आपल्याच फ्रेमचा, कारण तो तिथल्या दुकानात मिळेलच असं नाही. दोन ट्यूब, टायर फाटला तर आतून लावायचा तुकडा, चेनची जोडकडी, हातपंप. तेल कोरड्या हवेचं घ्या आणि रोज संध्याकाळी चेन पुसा. इथला चुनखडीचा फुफाटा तेलात मिसळला की चेन खातो.

जमिनीचा स्वभाव ओळखून रस्ता ठरवणं ही तयारीतली सर्वांत मोलाची गोष्ट. गायोले, राद्दा, ब्रोलियोच्या बाजूची माती दगडाळ आहे. पाऊस पडला तरी काही तासांत रस्ता चालण्याजोगा होतो. सिएनाच्या आग्नेयेला क्रेते सेनेझी हा उघड्या टेकड्यांचा भाग सुरू होतो आणि तिथे माती चिकणी. ती ओली झाली की टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये लिंपली जाते, चाक फिरेनासं होतं. आशानोजवळचा मोंते सान्ते मारियेचा साडेअकरा किलोमीटरचा कच्चा टप्पा याच भागात आहे. व्यावसायिकांच्या स्त्रादे ब्यांके शर्यतीत तो निर्णायक ठरतो, आणि ती तीनदा जिंकणाऱ्या फाबियान कान्चेलाराचं नाव त्याला दिलं आहे. तो करायलाच हवा, पण आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर नको. म्हणून प्रत्येक दिवसाचे दोन मार्ग फोनमध्ये उतरवून ठेवा, एक खडीचा आणि एक डांबराचा, इंटरनेटशिवाय उघडतील असे.

पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या हव्यात. गावातल्या नळावर ‘नॉन पोताबिले’, म्हणजे पिण्याजोगं नाही, असं लिहिलं असेल तर ते पिऊ नका. खेड्यातली दुकानं दुपारी बंद होतात आणि रविवारी अनेकदा दिवसभर. खरेदी सकाळीच आटपा. किआंती ज्या प्रांतात आहे त्या तोस्कानाच्या पावात मीठ नसतं, तेव्हा घाम गाळून नुसता पाव खाल्ला तर मिठाची भरपाई होत नाही. क्षारांच्या पुड्या घरूनच न्या. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. लसूण-टोमॅटोत केलेला पीची हा जाडसर पास्ता, शिळा पाव आणि टोमॅटोचं पाप्पा अल पोमोदोरो, घेवडा आणि काळ्या कोबीचं रिबोल्लीता हे दाट सूप, असं बरंच मिळतं. सुपात मांसाचा रस नाही ना, एवढं विचारून घ्या. तोडणीच्या दिवसांत बेकरीत द्राक्षं घालून भाजलेला स्कियाच्चाता हा चपटा पाव मिळतो. तो दिसला की थांबा. वाइन मात्र संध्याकाळी, सायकल लावून झाल्यावर. इटलीत मद्याची कायदेशीर मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, आणि खडीच्या उतारावर तर कायद्याची वाट बघायची गरजच नाही.

अंगावर भडक रंगाचं काहीतरी असू द्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो, आणि या जंगलांत रानडुकरांची शिकार होते. गावाबाहेर अंधारात चमकणारं जॅकेट आणि दिवे कायद्यानेच लागतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर जाणाऱ्यांना पाचच्या सुमारासच अंधार गाठतो.

मळ्यांतली शिस्त हीही तयारीच. वेलींच्या ओळींत सायकल घालू नका, घड तोडू नका. डुकरांसाठी लावलेल्या तारांत वीज असू शकते. तोडणी चालू असेल तिथे वेग कमी करा. आपण उडवलेली धूळ काम करणाऱ्यांच्या नाकातोंडात आणि फळावर जाते, आणि वर्षभराचं पीक त्यांचं आहे. ट्रॅक्टरला आधी वाट द्या. मेंढ्यांचा कळप दिसला की उतरून चाला, सायकल आपल्या आणि राखणीच्या कुत्र्याच्या मध्ये ठेवा. पळालात तर तो मागे लागेल.

कागदपत्रांचं थोडक्यात: शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तेव्हा रेंगाळू नका. विमा तीस हजार युरोंचा लागतोच, पण त्यात सायकलिंग धरलं आहे का ते वाचून बघा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. आपत्कालीन क्रमांक ११२. गायोलेला रेल्वे नाही. सिएनाला उतरा, किंवा फ्लोरेन्स-आरेत्सो मार्गावरच्या मोंतेवार्कीहून डोंगर ओलांडून जा. प्रादेशिक गाड्यांत सायकलीचं वेगळं तिकीट काढावं लागतं आणि जागा मोजक्या असतात, म्हणून परतीला विमानाच्या दिवशीची शेवटची गाडी धरू नका. एक दिवस आधी सिएनात या आणि खोक्यात भरण्यापूर्वी सायकल नीट धुऊन, वाळवून घ्या.