बर्फावर ठेवलेली पेशी

पेशीविज्ञानात संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी आमच्या प्रयोगशाळेत आले, की त्यांचे लक्ष आधी अंधाऱ्या खोलीतल्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाकडे जाते, आणि तो चालवायला कधी मिळेल, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मीही तोच प्रश्न विचारला होता. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकताना पेशीची जी आकृती मी असंख्य वेळा काढली होती, तिच्यात केंद्रक मध्यभागी असे, तंतुकणिका दोन-तीन ठिकाणी असत, गॉल्जी पिंड एका बाजूला असे आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर बाण काढून ‘पेशीद्रव’ असे लिहिलेले असे. पेशीच्या आत जे आहे ते पुरेसे मोठे करून पाहिले की दिसते, अशी त्यामुळे माझी समजूत झाली होती. पीएचडीच्या पहिल्याच वर्षी ती मोडली, आणि ती कशी मोडली हे नव्याने येणाऱ्यांना सांगावेसे वाटते.

त्या आकृतीतली कोरी जागा मुळात कोरी नसते. तिच्यात तंतूंचे दाट जाळे असते, आणि त्यांपैकी सूक्ष्मनलिका हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. (प्रयोगशाळेत ‘सूक्ष्मनलिका’ कोणी म्हणत नाही, ‘मायक्रोट्यूब्युल’च म्हणतात, पण आईला काम समजावून सांगताना मराठी शब्दच उपयोगी पडला.) ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जोड्या एकमेकींना लागून धागा तयार होतो, आणि साधारणपणे असे १३ धागे शेजारी-शेजारी जुळून सुमारे २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी बनते. ही नळी घराच्या वाशासारखी एकदा बसवली की कायम राहिली, असे होत नाही. तिचे एक टोक मिनिटाला काही मायक्रॉन या वेगाने वाढते, मध्येच एकाएकी कोसळू लागते आणि पुन्हा वाढते. टोकाकडच्या ट्यूब्युलिनला जीटीपी हा रेणू जोडलेला आहे तोवर वाढ टिकते. टोकावरचे हे जीटीपीचे आवरण संपले की नळी उलगडत मागे येते. या वागण्याचे वर्णन मिचिसन आणि कर्शनर या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये केले. याच नळ्यांवरून कायनेसिन आणि डायनीन ही प्रथिने एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, खर्च करत माल वाहून नेतात. कायनेसिनचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे, म्हणजे ट्यूब्युलिनच्या एका जोडीएवढे असते. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू सुमारे मीटरभर लांब असतो. तिथे माल केवळ विसरणाने (डिफ्यूजनने, म्हणजे आपोआप पसरत) पोचायचा म्हटले तर आयुष्यही पुरणार नाही. ही वाहतूक चालते म्हणूनच तो तंतू जिवंत राहतो.

माझ्या पहिल्या प्रयोगात मी पेशींतील एका प्रथिनाचे प्रमाण कमी केले होते आणि त्यामुळे सूक्ष्मनलिकांचे काय होते, ते पाहायचे होते. एका प्लेटमध्ये साध्या पेशी होत्या, तर दुसरीत प्रथिन कमी केलेल्या. जैवरसायनशास्त्राच्या कामात प्रथिने खराब होऊ नयेत म्हणून सगळे काही बर्फावर ठेवण्याची शिस्त मला लागलेली होती. पहिली प्लेट मी लगेच फिक्स केली, म्हणजे रसायन घालून पेशी आहेत त्या अवस्थेत स्थिर केल्या. फॉर्मल्डिहाइडचे काम धूरकपाटात करावे लागते आणि तेवढ्यात तिथे दुसऱ्याचे काम सुरू झाले. म्हणून दुसरी प्लेट मी काळजीपूर्वक बर्फावर ठेवली. ती तिथे पाऊण तास राहिली. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मनलिका हिरव्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर साध्या पेशींत केंद्रकाजवळून कडेपर्यंत पसरलेल्या स्वच्छ रेषा होत्या, आणि प्रथिन कमी केलेल्या पेशींत नुसते हिरवे धुके होते. मला आकाश ठेंगणे झाले. पुढचे दोन आठवडे हे प्रथिन सूक्ष्मनलिकांना आधार देते, अशा आशयाची टिपणे मी लिहीत होते. साप्ताहिक बैठकीत ती चित्रे दाखवली, तेव्हा एका वरिष्ठ सहकारी ताईंनी एवढेच विचारले, “दोन्ही प्लेटा बर्फावर सारखाच वेळ होत्या का गं?”

सस्तन प्राण्यांच्या पेशींतील बहुतेक सूक्ष्मनलिका थंडीत विरघळतात. ही माहिती पाठ्यपुस्तकात आहे, मी ती वाचलेली होती आणि परीक्षेत लिहिलेलीही होती. तरीही हात बर्फाच्या डब्याकडेच गेला. पुढच्या वेळी मी दोन्ही प्लेटा एकाच क्षणी, ३७ अंशांना गरम केलेल्या द्रावणात फिक्स केल्या आणि दोन्हींत सारख्याच रेषा मिळाल्या. माझा शोध एका दुपारीत संपला.

तेव्हापासून कोणतेही चित्र समोर आले की पेशीला तिथवर येईपर्यंत काय काय सोसावे लागले, हे मी आधी विचारते; आणि नवीन माणसाने सूक्ष्मदर्शकाची बटणे शिकण्याआधी ही सवय लावून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. फिक्स करणे ही गोष्ट वहीत एका ओळीत उरकली जाते, पण पुष्कळसे काम तिथेच बनते किंवा बिघडते. उणे २० अंशांचे मिथेनॉल पाणी काढून घेऊन प्रथिने जागच्या जागी गोठवते. ते थंड असले तरी इतक्या झटकन काम करते की सूक्ष्मनलिकांना विरघळायला सवड मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी ते चांगले आहे. मात्र त्याच पेशींत अ‍ॅक्टिनचे तंतू, म्हणजे पेशीच्या जाळ्यातले दुसऱ्या प्रकारचे तंतू, फॅलॉइडिन या त्यांना चिकटणाऱ्या रेणूने रंगवायला गेलात तर बहुधा काही दिसणार नाही, कारण फॅलॉइडिनला अ‍ॅक्टिनची मूळ घडण शाबूत लागते आणि मिथेनॉल ती बिघडवते. ग्लुटराल्डिहाइड बारीक रचना उत्तम राखते, पण स्वतःच चमकते, आणि ती चमक घालवायला सोडियम बोरोहायड्राइडची आणखी एक पायरी वाढते. तंतुकणिकांचे काही रंग पेशी जिवंत असतानाच द्यावे लागतात, कारण ते तंतुकणिकेच्या पडद्यावरील विद्युतभारामुळे आत ओढले जातात, आणि मेलेल्या पेशीत तो भार नसतो. एकच पद्धत सगळ्यांना चालेल, असे सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून पद्धत घेऊ नये.

चित्रात दिसते ते खरेच पेशीत आहे का, ही शंका नवशिक्यांपुरती नाही. कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ मध्ये घुबडाच्या चेतापेशींत चांदीच्या क्षारांनी रंगवलेले जाळे पाहिले, तेव्हा ते खरेच पेशीत आहे की रंगवण्याच्या क्रियेतून उपजले आहे, हा वाद जवळजवळ पन्नास वर्षे चालला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावरच मिटला. गॉल्जी पिंड खरे निघाले. उलट, जिवाणूंच्या पटलाला आतल्या बाजूस दिसणाऱ्या ‘मेसोसोम’ नावाच्या घड्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अनेकांनी पाहिल्या, त्यांना निरनिराळी कार्येही बहाल झाली, आणि पुढे जिवाणू रसायनाऐवजी अतिवेगाने गोठवून पाहिल्यावर त्या नाहीशा झाल्या. दोन्ही वेळा चित्रे सुरेखच होती.

मग एखादी रचना खरी आहे आणि ती अमुक काम करते, हे ठरवायचे कसे? एक जुना आणि आजही भरवशाचा मार्ग म्हणजे ती मोडून पाहणे, आणि मोडणारी हत्यारे आपल्या ओळखीच्या झाडांत आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीत ज्वाळांसारखी लाल-पिवळी फुले येणारी कळलावी अत्यंत विषारी असते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असते. ते ट्यूब्युलिनला चिकटते आणि नळी बनू देत नाही. १९६७ मध्ये बोरिसी आणि टेलर यांनी कोल्चिसीन पेशीत नेमके कशाला चिकटते याचा माग काढला, आणि ज्या प्रथिनापर्यंत ते पोचले त्यालाच पुढे ट्यूब्युलिन हे नाव मिळाले. अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारी व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधेही सूक्ष्मनलिकांच्या बांधणीतच अडथळा आणतात. पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीत सापडलेले टॅक्सॉल याच्या उलट वागते. ते नळ्या मोडूच देत नाही. आणि मोडता न येणाऱ्या नळ्यांनीही पेशीविभाजन अडते. आम्ही रोजच्या कामात नोकोडॅझोल हे कृत्रिम रसायन वापरतो, कारण ते धुऊन काढले की पेशी पूर्वपदावर येते. नोकोडॅझोलने सूक्ष्मनलिका विरघळवल्या की केंद्रकाशेजारी एकत्र असलेले गॉल्जी पिंड तुकडे होऊन पेशीभर विखुरते. आकृतीत आपण ते ‘एका बाजूला’ काढतो. तिथे त्याला डायनीन सूक्ष्मनलिकांवरून सतत ओढून आणत असते, हे मला या प्रयोगानंतर खऱ्या अर्थाने कळले.

प्रकाशाची मर्यादाही लवकर समजून घ्यावी. अ‍ॅबे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी १८७३ मध्ये दाखवल्याप्रमाणे, साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकात साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. म्हणजे २५ नॅनोमीटरची सूक्ष्मनलिका पडद्यावर तिच्या खऱ्या जाडीच्या आठ-दहा पट दिसते, आणि शेजारच्या चार नळ्या मिळून एकच रेषा दिसू शकते. ही मर्यादा ओलांडणाऱ्या पद्धतींना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्या यंत्रांवर पेशी नीट तयार न करता गेलात, तर चुकाच अधिक स्पष्ट दिसतील. त्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. कव्हरस्लिप, म्हणजे पेशींची पातळ काच, ०.१७ मिलिमीटर जाडीची आहे ना? कारण भिंग त्याच जाडीसाठी घडवलेले असते. आदल्या माणसाने भिंगावर तेल तसेच वाळू दिले नाही ना? माझ्या एका सहकाऱ्याचे दोन महिने अंधुक चित्रांत गेले, आणि कारण निघाले चुकीच्या जाडीच्या कव्हरस्लिपांचा खोका.

जिवंत पेशी पाहण्याचे आकर्षण सर्वांनाच असते. समुद्रातील एका जेलीफिशमध्ये सापडलेले हिरवे चमकणारे प्रथिन, म्हणजे जीएफपी, १९९४ मध्ये पहिल्यांदा दुसऱ्या सजीवांत चमकवून दाखवण्यात आले, आणि तेव्हापासून आपल्या पसंतीच्या प्रथिनाला ही शेपटी जोडून त्याचा पेशीतला वावर पाहता येऊ लागला. पण शेपटी जोडलेले प्रथिन गरजेपेक्षा फार जास्त तयार झाले, तर ते नको तिथेही जाऊन बसते. म्हणून सर्वांत जास्त चमकणारी पेशी निवडण्याचा मोह आवरावा. प्रखर प्रकाशही पेशीला त्रास देतो: लांबट तंतुकणिका तुकडे-तुकडे होऊ लागल्या, तर तो तुमच्या औषधाचा परिणाम नसून लेझरचाही असू शकतो. औषध न दिलेली पेशी तितक्याच प्रकाशात, तितकाच वेळ पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

नियंत्रण प्रयोग, म्हणजे तुलनेसाठी करायचे प्रयोग, वेळ खातात, म्हणून ते ‘नंतर करू’ म्हणून राहतात. प्रथिन ओळखणारी पहिली अँटीबॉडी वगळून केवळ दुय्यम, म्हणजे पहिलीला चिकटणारी चमकती, अँटीबॉडी लावलेली एक कव्हरस्लिप प्रत्येक वेळी ठेवावी. तिच्यावरही तेच ठिपके दिसले, तर ते ठिपके तुमच्या प्रथिनाचे नाहीत. मोजणीच्या वेळी कोणती प्लेट कोणती हे झाकून ठेवावे आणि नावांऐवजी आकडे द्यावेत, कारण आपल्याला हवी तशी पेशी डोळा आपोआप शोधतो. एका प्लेटमधल्या शंभर पेशी मोजल्या म्हणजे शंभर प्रयोग झाले, असेही समजू नये. वेगवेगळ्या दिवशी नव्याने केलेले तीन प्रयोग हे तीनच असतात. माझी बर्फाची चूक एकाच प्लेटमधल्या हजार पेशी मोजूनही पकडली गेली नसती.

मार्गाविषयी थोडक्यात सांगते, कारण ही माहिती सहज मिळते. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा ही नेहमीची वाट आहे. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आयसर, मुंबईत टीआयएफआर, खारघरला अ‍ॅक्ट्रेक, बंगळुरूला एनसीबीएस, हैदराबादला सीसीएमबी अशा संस्थांत या विषयावर काम चालते. प्रयोगशाळा निवडताना तिथल्या यंत्रांची यादी पाहण्यापेक्षा तिथल्या बैठकीत एकदा बसायला मिळते का पाहावे, आणि चित्र दाखवणाऱ्याला लोक कसे प्रश्न विचारतात ते ऐकावे. हाताशी यंत्र नसले तरी फिजी ही मोफत संगणकप्रणाली उतरवून घेऊन चित्रांची मोजमापे शिकता येतात; मी ती वसतिगृहातल्या जुन्या लॅपटॉपवर शिकले. कांद्याच्या मुळाची बी.एस्सी.तली स्लाइडही कमी लेखू नये. तिच्यात दिसणारी गुणसूत्रे पेशीविभाजनात ज्या तर्कूने (स्पिंडलने) ओढली जातात, तो तर्कू सूक्ष्मनलिकांचाच असतो.

आमच्याकडे आता नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या आठवड्यात सहा कव्हरस्लिपा देते. एक ३७ अंशांवर राहते, बाकीच्या तासभर बर्फावर जातात. त्यांतली एक थंडच फिक्स होते, आणि उरलेल्या चार पुन्हा गरम माध्यमात टाकून अर्धा मिनिट, एक मिनिट, तीन मिनिटे आणि दहा मिनिटांनी फिक्स होतात. नंतर मी त्यांवरचे आकडे झाकते आणि त्याला क्रम लावायला सांगते. थंड पेशीत धुके असते. पुढच्या एक-दोन पेशींत केंद्रकाजवळ, जिथून सूक्ष्मनलिका उगवतात त्या तारककायेभोवती, आखूड रेषांचा एक छोटा तारा उगवलेला असतो, आणि नंतर तो तारा वाढत पेशीच्या कडेपर्यंत जातो. मागच्या वेळी एका मुलीने पाच बरोबर लावल्या आणि सहाव्या कव्हरस्लिपशी अडून राहिली, कारण गरम माध्यमातून काढल्यावर ती किती सेकंद तशीच टेबलावर होती, हे तिने वहीत लिहिलेले नव्हते. तिने स्वतःहून ती बाजूला ठेवली आणि नवीन सहा मागितल्या.