तर्री-पोह्यांचा गाळा उघडण्याआधी: तीन लायसन्स, तीन फायली

नागपुरात धरमपेठेत किंवा प्रतापनगरात पोह्यांचा गाळा टाकायचा तर आधी तीन फायली लावा: जागा, खाद्यपदार्थ आणि नाव-गाणी. लायसन्स तिन्हींत आहे, पण एक जागामालक देतो, दुसरं सरकार आणि तिसरं निर्मितीचा मालक.

जागेची फाईल सगळ्यांत जाड हवी. आखीव पत्रिका (जागा कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा उतारा) आणि मालमत्ता कराची चालू पावती मागा. भूखंड नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) लीजवरचा असेल तर लीजची मुदत आणि वापराची अट वाचा. लिव्ह अँड लायसन्सने जागेत हक्क येत नाही, वापरायची मुभा तेवढी मिळते (सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम ५२). मालकाने मध्येच गाळा विकला तर कलम ५९ प्रमाणे नवा मालक त्या मुभेला बांधील नसतो आणि ओटा, भट्टी, फर्निचरचा पैसा अडकतो. म्हणून लॉक-इन (ठरलेल्या काळाआधी करार मोडायचा नाही ही अट) आणि विक्री झाल्यास खर्चाची भरपाई, ही दोन कलमं आधी लिहून घ्या. सुतार नंतर बोलवा. करार नोंदवाच. महिना २०,००० रुपये, ३६ महिने, परत मिळणारं डिपॉझिट १ लाख, असा हिशेब असेल तर ७,२०,००० अधिक डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी तीन वर्षांचे ३०,०००. त्या ७,५०,००० वर ०.२५ टक्के म्हणजे १,८७५ रुपये मुद्रांक शुल्क, शहरात नोंदणी फी १,०००. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. तो टाळत असेल तर दुसरा गाळा बघा.

खाद्य परवान्याचं थोडक्यात: चालू धंदा विकत घेतला म्हणून जुन्या मालकाच्या नावाचा परवाना तुमचा होत नाही. अर्ज नव्याने करा आणि परवाना दर्शनी भागात लावा.

दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव घेत असाल तर त्याची ट्रेडमार्क नोंदणी माल-सेवांच्या कोणत्या वर्गात आहे ते तपासा. मसाला वर्ग ३० मध्ये येतो, खानावळ ४३ मध्ये. जाहिरातीसाठी वऱ्हाडीत जिंगल करून घेताय आणि हक्क गीतकार-संगीतकाराकडेच राहणार आहेत? मग लेखी परवान्यात मुदत, प्रदेश आणि माध्यम लिहा. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय वर्षभर न वापरलेला हक्क, करारात वेगळं ठरलं नसेल तर, संपतो. दुकानात वाजणाऱ्या गाण्यांना ध्वनिमुद्रण आणि त्यातले शब्द-संगीत अशा दोन्हींची परवानगी लागते. त्याच कायद्याच्या कलम ३१डी चा वैधानिक परवाना (मालकाच्या संमतीऐवजी कायद्यानेच मिळणारा) रेडिओ-टीव्हीसारख्या प्रसारकांसाठी आहे, गाळ्यातल्या स्पीकरसाठी नाही. मोबाइलवरच्या अॅपची वर्गणीही सहसा वैयक्तिक ऐकण्यापुरतीच असते. तिच्या अटी उघडून वाचा.