वेग आणि त्वरण काढताना आधी त्वरण स्थिर आहे का ते बघा

गतीवरचं गणित दिसलं की बरेच जण डायरेक्ट व्ही = यू + एटी (यू सुरुवातीचा वेग, व्ही टी वेळेनंतरचा वेग, ए त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर) लिहून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. हे ज्यातलं एक आहे ती गतीची तीन समीकरणं त्वरण स्थिर असेल तरच चालतात, म्हणून आकडे टाकायच्या आधी तेवढं तपासा.

एक्स, म्हणजे वस्तूचं स्थान, दिलाय आणि त्यात टी चा सगळ्यात मोठा घात २ आहे, की त्वरण स्थिर समजायचं. उदा. एक्स = ५ + २०टी − २टी² (मीटर आणि सेकंदात). हे त्या तिघांतल्या एस = यूटी + ½एटी² शी जुळवा (एस म्हणजे विस्थापन, स्थानात झालेला बदल), यू आला २०, पण ए −२ नाही हं, −४, कारण −२ हे ए चं अर्धं आहे, आणि या एका अर्ध्यापायी चांगल्या पोरांचे मार्क गेलेले मी बघितलेत. मग व्ही = २० − ४टी, म्हणजे ५ सेकंदांनी वस्तू क्षणभर थांबते आणि मागे फिरते. सुरुवातीचा ५ फक्त कुठून निघाली ते सांगतो, वेगाशी त्याचा संबंध नाही.

घात ३ झाला किंवा साइन-बिइन आलं की समीकरणं बाजूला ठेवायची आणि डिफरन्शिएट करायचं, म्हणजे बदलाचा दर काढायचा: टी चे घात असतील तर घात पुढे गुणायला आणायचा, वर एकने कमी करायचा. एक्स = टी³ − ६टी² + ९टी घ्या. एकदा केलं की वेग, ३टी² − १२टी + ९. परत केलं की त्वरण, ६टी − १२. आता टी = २ टाका, त्वरण शून्य येतं आणि लगेच वाटतं वस्तू थांबली, पण वेग बघा ना, −३ मी/से आहे, उलट्या दिशेने मस्त चाललीय! थांबते ती वेग शून्य होतो तेव्हा, म्हणजे १ आणि ३ सेकंदाला. इथे सुरुवातीचे यू = ९, ए = −१२ घेऊन व्ही = यू + एटी लावलं असतं तर २ सेकंदाला −१५ आलं असतं, साफ चूक.

मायनसला घाबरू नका, तो नुसती दिशा सांगतो. वेग आणि त्वरण दोघांची चिन्हं सारखी असली की चाल वाढते, वेगळी असली की कमी होते, म्हणून इथे १ ते २ सेकंदात त्वरण मायनस असूनही चाल वाढतेच आहे. आणि ३ सेकंदांत एकूण अंतर विचारलं तर ० ते ३ एकदम काढू नका, शून्य येईल, ते विस्थापन झालं. वस्तू १ सेकंदात ४ मीटर पुढे गेली आणि पुढच्या २ सेकंदांत तेवढीच मागे आली, अंतर ८ मीटर.