शाश्वततेचे काम हजेरीपटापासून सुरू करावे

चाकण, वाळूज किंवा सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत शाश्वततेचा, म्हणजे पर्यावरण आणि माणसे जपून उद्योग चालवण्याचा विषय बहुधा पर्यावरण अधिकाऱ्याकडे सोपवला जातो आणि मनुष्यबळ विभागाच्या वाट्याला ५ जूनचे वृक्षारोपण तेवढे येते. माझ्या मते या विभागाने सुरुवात कंत्राटी कामगारांच्या हजेरीपटापासून करावी.

प्रथम गेटवरची नोंद आणि कंत्राटदाराचे मस्टर शेजारी ठेवून प्रत्यक्षात किती माणसे कोणत्या कामावर आहेत, हे मोजावे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक केलेल्या शाश्वतता अहवालात कायम नसलेल्या कामगारांचीही माहिती द्यावी लागते. आपली कंपनी त्या यादीत नसली, तरी ही मोजणी टाळू नये. नंतर दरमहा १५ तारीख उलटली की भविष्यनिर्वाह निधी भरल्याचे चलन आणि त्यासोबतची कामगारनिहाय यादी मागवून त्या यादीतील नावे हजेरीपटाशी ताडून पाहावीत. कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीवर येते, हे खरेदी विभागालाही समजावून सांगावे, कारण सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते तेव्हाच तो कमी दर कोणाच्या पगारातून निघणार, हे ठरून गेलेले असते.

दुसरे काम प्रशिक्षणाचे. यंत्र पुसलेली तेलकट चिंधी २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ती साध्या कचराकुंडीत टाकणारा कामगार बेफिकीर असतोच असे नाही. चार दिवसांपूर्वी ओडिशातून आलेल्या मुलाला घातक कचऱ्याच्या पिंपावरचा इंग्रजी फलक वाचताच येत नाही. म्हणून त्याला पहिल्याच दिवशी, यंत्रापाशी नेऊन, त्याला कळेल त्या भाषेत सांगावे, चिंधी त्याच्याच हाताने योग्य पिंपात टाकून घ्यावी आणि हा वेळ कामाचा धरून त्याचे वेतन द्यावे.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रे थांबली की कॉम्प्रेसरच्या पाइपांतून गळणाऱ्या हवेची फुसफुस ऐकू येते. हवा दाबायला वीज लागते, म्हणून ही गळती विजेची नासाडी असते आणि ती सर्वांत आधी ऑपरेटरच्या कानावर पडते. त्याने केलेली तक्रार त्याच्या नावानिशी नोंदवावी आणि तिचे काय झाले, हे त्याला आठ दिवसांत कळवावे. सुपरवायझरचे वार्षिक मूल्यमापन केवळ उत्पादनाच्या आकड्यावर होत असेल, तर तो अशी तक्रार बाजूला ठेवणारच. म्हणून त्या मूल्यमापनात गळती दुरुस्ती, अपघात आणि प्रशिक्षण यांनाही गुण ठेवावेत.

या सर्वाचा खर्च सामाजिक उत्तरदायित्वासाठी (सीएसआर) नफ्यातून कायद्याने खर्चायच्या २ टक्क्यांत दाखवू नये. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या हितासाठीचा खर्च तेथे धरला जात नाही. त्याची तरतूद नेहमीच्या अंदाजपत्रकात, नवे कंत्राट देण्यापूर्वीच करून घ्यावी.