श्रेयांक हस्तांतरणाचा अभ्यास कसा करावा

संस्था बदललेल्या विद्यार्थ्याचे आधीचे शिक्षण कितपत धरले जाते, याचा अभ्यास करणाऱ्याने आरंभीच एक भेद पक्का करून घ्यावा. श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे मोजमाप) स्वीकारले जाणे वेगळे आणि ते पदवीच्या अटींमध्ये मोजले जाणे वेगळे. समजा, एका विद्यार्थिनीने ६० श्रेयांक मिळवून विद्यापीठ बदलले आणि नव्या विद्यापीठाने त्यांपैकी ५४ स्वीकारल्याचे पत्र तिला दिले. मुख्य विषय आणि अनिवार्य अभ्यासक्रम यांच्या अटींत मात्र त्यांतले ३६च बसले. उरलेले १८ मुक्त वैकल्पिकांच्या, म्हणजे विद्यार्थ्याने आवडीने निवडायच्या विषयांच्या रकान्यात गेले, आणि त्या रकान्यात पदवीसाठी ६ श्रेयांकच हवे होते. म्हणजे विद्यापीठाच्या अहवालात मान्यता ९० टक्के दिसते, तर विद्यार्थिनीच्या उपयोगाला आले ते ७० टक्केच. केवळ पहिला आकडा मागून घेणारा अभ्यास तिचे नुकसान पाहूच शकत नाही; म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यासाठी मिळवलेले, स्वीकारलेले आणि पदवीला लागू झालेले श्रेयांक असे तीन स्वतंत्र स्तंभ ठेवावेत.

यानंतर अभ्यासात कोणाला धरायचे ते ठरवावे. दोन वर्षांच्या महाविद्यालयातून पदवी देणाऱ्या विद्यापीठात जाणारा, एका विद्यापीठातून तशाच दुसऱ्या विद्यापीठात जाणारा आणि विद्यापीठातून उलट महाविद्यालयाकडे वळणारा, या तिघांचे अनुभव फार वेगळे असतात. त्यांची सरसकट सरासरी काढली, तर ती कोणाचेच चित्र दाखवत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेला अंदाज याचे उत्तम उदाहरण आहे. २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांनी सरासरी ४३ टक्के श्रेयांक गमावले, असे त्या अहवालात म्हटले होते. पण एका सार्वजनिक संस्थेतून दुसऱ्या सार्वजनिक संस्थेत गेलेल्यांचे श्रेयांक गमावण्याचे प्रमाण ३७ टक्के होते आणि नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी संस्थेतून सार्वजनिक संस्थेत आलेल्यांचे ९४ टक्के. याउलट, संशोधक डेव्हिड मोनॅघन आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २०१५ मध्ये केवळ सामुदायिक (म्हणजे दोन वर्षांच्या) महाविद्यालयातून विद्यापीठात गेलेल्यांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे ५८ टक्के विद्यार्थ्यांना आपले जवळजवळ सर्व श्रेयांक नेता आले होते. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण त्यांनी वेगवेगळे विद्यार्थी मोजले आणि प्रश्नही वेगळा विचारला. कोणताही आकडा उद्धृत करण्यापूर्वी त्याचा छेद, म्हणजे तो कोणत्या विद्यार्थ्यांमधून काढला आहे, हे तपासण्याची सवय या क्षेत्रात अत्यावश्यक आहे.

एककांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ वर्षाला ६० श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. भारताच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४० श्रेयांक धरले आहेत. त्यामुळे देशांतर्गत असो वा देशाबाहेरची, तुलना नुसत्या संख्येने न करता पूर्ण वर्षाच्या प्रमाणात करावी.

खरे कष्ट गुणपत्रकांच्या नोंदीत आहेत, आणि तेथे घाई करू नये. प्रत्येक अभ्यासक्रमाची स्वतंत्र ओळ करावी आणि तो नाकारला गेला असल्यास कारण लिहावे. कमी श्रेणी, समकक्ष अभ्यासक्रम नसणे, पातळी कमी ठरणे, तोच विषय दुसऱ्यांदा येणे, कागदपत्रे वेळेत न पोहोचणे ही नेहमी आढळणारी कारणे आहेत. कारण नोंदवलेलेच नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, ते अंदाजाने भरू नये. उच्च शिक्षणातील पात्रतांना मान्यता देण्याविषयीच्या १९९७ च्या लिस्बन करारानुसार अर्ज अटी पूर्ण करत नाही हे दाखवण्याची जबाबदारी मूल्यांकन करणाऱ्या संस्थेवर असते. म्हणून त्या कराराच्या कक्षेतील देशांत कारणाविना दिलेला नकार ही स्वतःच एक महत्त्वाची नोंद ठरते. निर्णय प्रवेशाआधी कळला की नंतर, ही तारीखही घ्यावी; शुल्क भरून झाल्यावर हाती आलेल्या निर्णयावर विद्यार्थ्याला फारसे काही करता येत नाही.

कार्यकारण सांगताना विशेष जपावे. मोनॅघन आणि अ‍ॅटवेल यांच्या अभ्यासात, निम्म्याहून कमी श्रेयांक नेलेल्यांच्या तुलनेत जवळजवळ सर्व श्रेयांक नेलेल्यांची पदवी मिळण्याची शक्यता, पदवी मिळणे आणि न मिळणे यांच्या गुणोत्तराच्या भाषेत, अडीच पटींहून अधिक आढळली. मात्र ज्यांचे श्रेयांक टिकतात ते विद्यार्थी मुळातच अधिक तयारीचे किंवा अधिक माहितगार असू शकतात. म्हणून आधीचे गुण, आर्थिक स्थिती आणि विषय यांत सारख्या असलेल्या विद्यार्थ्यांशीच तुलना करावी. धोरण ठरावीक तारखेला बदलले असेल, जसे न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने २०१३ पासून आपल्या महाविद्यालयांसाठी सामायिक सामान्य शिक्षणाचा (मुख्य विषयाखेरीज सर्वांना लागणाऱ्या मूलभूत अभ्यासक्रमांचा) आराखडा लागू केला, तर त्याआधीच्या आणि नंतरच्या तुकड्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

शेवटचे काम सर्वांत जास्त टाळले जाते. श्रेयांक बुडतील हे कळल्यावर ज्यांनी संस्था बदललीच नाही, ते स्वीकारणाऱ्या विद्यापीठाच्या नोंदीत कुठेच नसतात. त्यांना शोधण्यासाठी मूळ महाविद्यालयातील त्या वर्षीची संपूर्ण तुकडी घ्यावी, गुणपत्रक बाहेर पाठवण्याची विनंती कोणी केली ते पाहावे आणि विनंती करूनही जे गेले नाहीत त्यांच्या मुलाखती घ्याव्यात. मुलाखतीत निर्णयपत्राची प्रत मागावी, त्यातील ओळ न ओळ त्यांच्यासोबत वाचावी आणि नावे काढून टाकल्यावरच ती संग्रहात ठेवावी.