पडवीतलं चेनसॉ सुरू करताय? या चुका टाळा

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडात घरोघरी चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, आलं. पडलेली आंब्या-फणसाची झाडं कापून झाली, मशीन पडवीत खुंटीला लागलं, टाकीत पेट्रोल तसंच. आता पावसाळा तोंडावर आला की तीच मशिनं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तीही 'आधी जरा उघडून बघितलेली'.

मशीन सुरू होत नाही म्हटलं की सगळे थेट कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, तुटून पडतात. अरे, आधी टाकी काचेच्या बाटलीत ओतून तरी बघा! पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. आमच्या दमट हवेत त्याला आमंत्रणच नको. पाणी जास्त झालं की इथेनॉल ते घेऊन तळाशी बसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल (इंजिनाचं तेल) वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि पेट्रोल ओढणारा फिल्टर असतो नेमका तळाला. म्हणजे मशीन पितं काय, तर बिनतेलाचं पाणी.

मीही शहाणा नव्हतो. एका मशीनचं कार्बोरेटर दोन दिवसांत तीनदा उघडलं, नवं किट टाकलं. अर्धा मिनिट चालायचं, आपोआप रेस वाढायची आणि बंद. शेवटी वैतागून पेट्रोलचा पाइप ओढून काढला. टाकीच्या भिंतीतून तो जिथे बाहेर येतो तिथे केसाएवढी चीर होती. वाकवला तरच दिसायची. तेव्हापासून पाइप आधी काढतो, एक टोक दाबून धरतो, दुसऱ्यातून सिरिंजने हवा भरतो आणि पाण्यात बुडवतो. बुडबुडा आला की पाइप बाद. फिल्टर तर न बघताच बदलतो.

दुसरी चूक स्क्रूची, आणि ही महागात पडते. एक बागायतदार आले. "भाऊ, धूर फार येत होता म्हणून एचचा स्क्रू, तो पूर्ण रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा, जरासा आवळला. आवाज काय मस्त आला! दहा मिनिटांत मशीन जाम." तो मस्त आवाज मशीनच्या शेवटच्या घरघरीचा होता. स्क्रू आत गेला की पेट्रोल कमी, आणि या इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. सायलेन्सर काढून दाखवला, पिस्टनवर उभे ओरखडे. सिलेंडर-पिस्टनचा खर्च ऐकून त्यांनी मशीन माझ्याकडेच सोडलं.

माझी सवय सांगतो. हलवण्याआधी स्क्रू किती फेऱ्यांवर आहे ते मोजून लिहितो. पुस्तिका असेल तर तिच्यातला आकडा, नसेल तर हलक्या हाताने बंद करून एक फेरा उघडा. पूर्ण रेसवर मोकळं फिरताना आवाज थोडा फडफडला पाहिजे आणि लाकडात घातल्यावर साफ झाला पाहिजे. धूर येतोय? तेल मोजून घाला. 1:50 च्या (एक भाग तेल, पन्नास भाग पेट्रोल) चांगल्या तेलाला लिटर पेट्रोलमागे 20 मिली, 1:25 वाल्याला 40. बाटलीच्या झाकणाने अंदाज घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, बिल देतो.

कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, तार घालू नका, भोक मोठं होतं. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा पूर्ण दाबाने मारू नका. डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) कडक होऊन वाजायला लागला तर बदला, तेल चोळून तो मऊ होत नाही. टाकीचं झाकण सैल केल्यावर मशीन चालत असेल तर हवेची वाट बुजली आहे.

चोक (सुरू करताना हवा अडवणारी झडप) ओढून वीस-वीस वेळा दोरी खेचणारे तर रोजचेच. पहिला 'फट्' आवाज आला की चोक काढायचा असतो. प्लग ओला झाला तर तो काढून बाजूला ठेवा, चोक उघडा, दहा वेळा दोरी ओढा, पुसून परत बसवा. पाच मिनिटांच्या व्हिडिओत हे दाखवत नाहीत, कारण त्यात वाट बघावी लागते.

परवा एक तरुण आला. कार्बोरेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटा, डायफ्राम आणि गास्केट उलटसुलट, एक स्प्रिंग गायब. टाकीत मात्र पेट्रोल मागच्या दिवाळीचं.